मुंबईत स्पोर्टी गाडीचं सस्पेंशन सुधारताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलो जीटी, व्हर्टस, आय२० एन लाइन, पुंटो अबार्थ, क्वचित ऑक्टाव्हिया आरएस. गाडी कुठलीही असो, मालकाची मागणी एकच असते : वळणावर अजून बिनधास्त जाता आलं पाहिजे. बहुतेकांनी कोणत्या स्प्रिंगा घालायच्या हेही आधीच ठरवलेलं असतं. खालची उत्तरं मुंबईत रोज चालणाऱ्या, सोसायटीत उभ्या राहणाऱ्या आणि महिन्या-दोन महिन्यांनी घाटात जाणाऱ्या गाडीसाठी आहेत. फक्त ट्रॅकसाठी गाडी बांधणाऱ्यांना यातलं निम्मं लागू होणार नाही.

आधी काय बदलू, स्प्रिंगा की शॉकअप?

आधी टायर बघा. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३२० लिहिलं असेल तर तो टायर २०२० सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. मुंबईत बऱ्याच गाड्या चालतात कमी आणि उन्हात उभ्या राहतात जास्त. त्यामुळे नक्षी भरपूर शिल्लक आणि रबर मात्र कडक, असे टायर इथे सर्रास दिसतात. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. पण पावसाळा तोंडावर असताना ३ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर मी घाटात जाणार नाही. जुन्या, दगड झालेल्या टायरवर लाखाचं सस्पेंशन बसवलं तरी शेवटी रस्त्याला टेकणार ते टायरच.

हवासुद्धा थंड टायरमध्ये मोजा. अंधेरीहून वाशीला जाऊन तिथल्या पंपावर हवा तपासली तर आकडा तीन-चार पीएसआय जास्तच दिसतो. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर कंपनीने दिलेला आकडा हा थंड टायरचा असतो. तिथून सुरुवात करा आणि मग दोन पीएसआय इकडे-तिकडे करून बघा. फुकटात होणारा हँडलिंगचा हा एकमेव प्रयोग आहे आणि तोच कुणी करत नाही.

त्यानंतर झिजलेले भाग. खड्ड्यांतून हळू जाताना पुढून टकटक आवाज येत असेल तर बहुधा लिंक रॉड गेलाय. आपल्याकडे काही मिस्त्री त्याला जंपिंग रॉडची लिंक म्हणतात, वस्तू तीच. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, बुश (सांध्यातली रबरं) तपासायला सांगा. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवताना स्प्रिंग उडाल्यासारखा टणकन आवाज आला तर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र जोड) वरचं माउंट किंवा त्याचं बेअरिंग. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड गाडी उचलून, चाक हाताने हलवून कळतात. साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेल्या गाडीत एवढंच नवं, कंपनीचं बसवलं आणि अलाइनमेंट केली की निम्म्या लोकांना पुढचं काही करावंसं वाटत नाही.

गाडी वळणावर फार झुकते. झुकणं बंद केलं की पकड वाढेल ना?

हा गैरसमज इतका घट्ट बसलाय की थोडं गणित करायलाच हवं.

वळताना आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं हे चार गोष्टींवर ठरतं : गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर. समजा गाडी ११०० किलोची आहे, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंचीवर आहे, चाकांतलं अंतर १४५ सेंटिमीटर आहे आणि वळणाचा जोर ०.७ जी (गुरुत्वाकर्षणाच्या सात दशांश) आहे. मग जवळपास २९२ किलो वजन आतून बाहेर सरकतं. आता तीच गाडी ३० मिलिमीटर खाली बसवली तर आकडा येतो २७६. फरक सोळा किलोंचा. आणि या हिशेबात स्प्रिंगेचा कडकपणा कुठेच आला नाही, हे लक्षात घ्या. स्प्रिंग कितीही कडक केली तरी जवळजवळ तेवढंच वजन बाहेर जाणार. फक्त गाडी झुकताना कमी दिसणार.

मग झुकणं कमी करायचं कशाला? त्याला दोन खरी कारणं आहेत. या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडी झुकली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर कलतं आणि टायर आपल्या बाहेरच्या खांद्यावर चालायला लागतो, सपाट टेकत नाही. टायरचा बाहेरचा कोपरा आधी झिजलेल्या गाड्यांमध्ये हेच चाललेलं असतं. दुसरं कारण असं की डावीकडून लगेच उजवीकडे जाताना, म्हणजे जे. जे. उड्डाणपुलासारख्या नागमोडी रस्त्यावर, जास्त झुकणारी गाडी आधी एका बाजूने सरळ व्हायला आणि मग दुसरीकडे झुकायला वेळ घेते. तेवढा वेळ स्टिअरिंग सैल वाटतं.

पण कडकपणाला मर्यादा आहे आणि मुंबईत ती लवकर गाठली जाते. पुलाच्या सांध्यावर किंवा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर चाक क्षणभर जरी हवेत राहिलं तरी त्या क्षणी त्या चाकाची पकड शून्य. आपल्या रस्त्यांवर हँडलिंग म्हणजे चाक जमिनीला टेकवून ठेवणं, आणि ते काम स्प्रिंगेपेक्षा शॉकअप जास्त करतो. पैसे मोजके असतील तर ते शॉकअपवर घाला, असं मी सगळ्यांना सांगतो ते म्हणूनच.

नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा घातल्या तर? दिसायला भारी दिसते.

दिसते, यात वाद नाही.

अडचणी मात्र बऱ्याच. ३५-४० मिलिमीटर खाली नेणाऱ्या स्प्रिंगा कंपनीच्या शॉकअपवर बसवल्या की शॉकअपचा दबण्यासाठी राखलेला प्रवास तेवढाच आटतो. मग जरा मोठा खड्डा आला की गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे प्रवासाच्या शेवटी असलेल्या रबरी अडसरावर, आपटते. वळणात असताना पुढचं बाहेरचं चाक बंप स्टॉपवर गेलं तर त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कितीतरी पटींनी वाढतो आणि नाक बाहेर घसरतं. गाडी खाली नेली, कडक केली आणि अंडरस्टिअर (नाक असं बाहेर घसरणं) वाढला, ही तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकलीय. कारण बहुतेकदा हेच.

दुसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्म मूळ उंचीला साधारण सपाट असतो किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली बसवली की त्याचं चाकाकडचं टोक वर जातं. असं झालं की गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांतलं अंतर वाढलं म्हणजे गाडीला झुकवणारा तरफेचा हातही लांबला. म्हणजे स्प्रिंगेने जे कमावलं त्यातलं काही भूमितीने परत घेतलं. टाय रॉडचा कोनही बिघडतो, मग खड्ड्यावर चाक वर-खाली होताना ते आपोआप थोडं वळतं. एक्सप्रेसवेवर अशी गाडी सतत हलके हलके सावरावी लागते.

आणि मग आपले स्पीड ब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे स्पीड ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. तसा असेल तर खाली बसवलेली गाडीही त्यावरून आरामात जाते. पण सोसायटीच्या सेक्रेटरींनी उरलेल्या काँक्रीटमधून घातलेला डोंगर तेवढाच उंच आणि जेमतेम दोन फूट रुंद असतो. त्यावर चार माणसं बसलेली गाडी घासणारच. बेसमेंटचा रॅम्प आणि पझल पार्किंगच्या लोखंडी कडाही लक्षात घ्या. मोजपट्टी घेऊन आपल्याच पार्किंगमध्ये एकदा मोजा, मग ऑर्डर द्या.

खाली न्यायचीच असेल तर १५ ते २५ मिलिमीटरच्या आत राहा आणि त्यासोबत त्या उंचीसाठी बनवलेले शॉकअप घ्या.

शॉकअप कोणते घ्यावेत?

स्प्रिंग धक्का झेलते, साठवते आणि परत फेकते. ते परत फेकणं आवरायचं काम शॉकअपचं. त्याच्या दोन दिशा असतात : दबणं आणि उलगडणं. चांगल्या शॉकअपमध्ये उलगडण्याचा विरोध दबण्याच्या विरोधापेक्षा बराच जास्त ठेवलेला असतो, म्हणजे खड्ड्याचा घाव तो मऊपणे घेतो आणि नंतर गाडीला डोलू देत नाही. म्हणूनच चांगला शॉकअप बसवलेली गाडी कधी कधी आधीपेक्षा आरामदायी वाटते. लोकांना हे पटत नाही, पहिल्यांदा चालवेपर्यंत.

नावं विचाराल तर बिलस्टाइनची क्रमवारी समजून घेतली तरी पुरे. बी४ हा कंपनीच्या शॉकअपच्या जागी बसणारा, साधारण तशाच स्वभावाचा. बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगांसाठी, पण जास्त आवर घालणारा. बी८ लोअरिंग स्प्रिंगांसाठी आखूड केलेला. मुंबईच्या गाडीसाठी माझी पसंती बी६ प्रकाराला : उंची तीच, स्प्रिंगा त्याच, बदलतो तो फक्त आवर. कोनीचे पिवळे शॉकअप उलगडण्याच्या दिशेने कमी-जास्त करता येतात. कोनीचाच स्पेशल अॅक्टिव्ह प्रकार बारीक खडबडीत रस्त्यावर मऊ होतो आणि लांब झोक्यांवर कडक राहतो. सायन-पनवेल हायवेवर रोज जाणाऱ्याला असंच काहीतरी हवं असतं.

एक सावधगिरी. युरोपातल्या गाडीसाठी बनवलेला शॉकअप इथल्या त्याच नावाच्या गाडीत बसतो म्हणून लांबी बरोबर असेलच असं नाही. भारतासाठी कंपन्या गाड्या थोड्या उंच करतात, स्प्रिंगा वेगळ्या देतात. पार्ट नंबर आणि मूळ शॉकअपची पूर्ण उघडलेली व पूर्ण दबलेली लांबी विक्रेत्याकडून लिहून घ्या. तो टाळाटाळ करत असेल तर दुसरा विक्रेता बघा.

स्प्रिंगाही बदलणार असाल तर थोडा हिशेब. स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर तोच तोल राखायला शॉकअपचा आवर साधारण १४ टक्के वाढवावा लागतो, कारण तो वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. कंपनीच्या नव्या, चांगल्या शॉकअपमध्ये तेवढी गुंजाइश कधी कधी असते. पन्नास हजार किलोमीटर मुंबईत चाललेल्या शॉकअपमध्ये ती नसते, मग भले तेल गळत नसो.

कॉइलओव्हर कसा? सगळे तोच घेतात.

सगळे घेत नाहीत, फोटोत दिसतो तो सगळ्यांना दिसतो.

कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा उंची बदलता येणारा एकत्र संच. त्याचा खरा फायदा उंची आणि आवर हवा तसा लावता येण्यात आहे. केडब्ल्यूच्या व्ही१ मध्ये फक्त उंची बदलते, व्ही२ मध्ये उलगडणं, व्ही३ मध्ये दबणं आणि उलगडणं दोन्ही. आता स्वतःला विचारा : बसवल्यावर तुम्ही ते कितीदा फिरवणार? ट्रॅकवर नेत असाल तर जरूर घ्या. नाहीतर एकदा बसवून विसरण्यासाठी तो महागडा मार्ग आहे. चार कोपऱ्यांची उंची आणि वजन नीट न मोजता नुसत्या डोळ्यांनी लावला तर गाडी कंपनीच्या सेटिंगपेक्षा वाईट वळते.

शिवाय आपली हवा खारट. वरळी, मार्वे, वर्सोवा या भागात गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर कॉइलओव्हरचे आटे दोन पावसाळ्यांत जाम होतात आणि मग उंची बदलायची सोयच उरत नाही. स्टेनलेस स्टीलचे घ्या, किंवा आट्यांवर ग्रीस आणि आवरण ठेवा.

स्प्रिंगेत रबरी बफर घालून चालेल का? अॅक्सेसरीवाला म्हणतो गाडी वर येते, झुकतही नाही.

नको. तो बफर स्प्रिंगेचे एक-दोन वेढे अडवतो. अडलेले वेढे काम करत नाहीत, त्यामुळे स्प्रिंग कडक होते, पण सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर येतो. शॉकअपला या नव्या कडकपणाची कल्पनाच नसते, मग मागून गाडी उड्या मारते. स्प्रिंगा थकून खाली बसल्या असतील तर नव्या स्प्रिंगा घाला.

अँटी-रोल बार जाड केला तर किती फरक पडतो?

वाटतो त्यापेक्षा खूप जास्त. हा डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, गाडीचं झुकणं रोखणारा दांडा. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. २० मिलिमीटरच्या जागी २२ चा घातला, म्हणजे व्यास दहा टक्के वाढला, तर कडकपणा ४६ टक्के वाढतो.

कुठल्या बाजूला जाड करायचा हा खरा प्रश्न. पुढची चाकं ओढणाऱ्या या सगळ्या गाड्या हद्दीपलीकडे गेल्या की नाक बाहेर टाकतात, आणि कंपन्या मुद्दाम तशा बनवतात, कारण घाबरलेला माणूस आपोआप पाय उचलतो आणि नाक परत येतं. मागचा बार कडक केला की मागे वजनाची अदलाबदल जास्त होते, पुढे कमी, आणि नाक वळणात राहतं. पुढचा बार कडक केला तर उलट. तेव्हा पुढून नाक पळतंय म्हणून पुढचा बार जाड करणारा दुकानदार दिसला तर नमस्कार करून निघा.

पोलो, व्हर्टस, आय२० यांना मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी एकच तुळई) असतो, स्वतंत्र बार लावायची जागा मर्यादित असते. बीमवर बोल्टने बसणारे जोडबार काही गाड्यांसाठी मिळतात. ऑक्टाव्हिया आरएसला मागे मल्टीलिंक (प्रत्येक चाक वेगळं धरणारे अनेक दांडे) आहे, तिथे जाड बार सरळ बसतो. एक अट मात्र पाळा : मागचा बार कडक केल्यावर घाटात, ओल्या रस्त्यावर, वळणाच्या मध्यात अॅक्सिलरेटर झटकन सोडू नका. आधी गाडी तुम्हाला माफ करायची, आता मागून सरकेल. नवशिक्या ड्रायव्हरही ती गाडी चालवत असेल तर हा बदल करूच नका.

स्ट्रट ब्रेस?

पुढच्या दोन स्ट्रटची वरची टोकं जोडणारा हा दांडा बॉनेट उघडल्यावर छान दिसतो. आजच्या गाड्यांचा सांगाडा इतका ताठ असतो की रस्त्यावर फरक जाणवणं कठीण. शेवटचा खर्च समजा.

पॉलियुरेथेनचे बुश बसवावेत का?

लोअर आर्मच्या मागच्या बुशला, मोठ्या रबराच्या जागी, तर विचार करता येईल. ब्रेक मारताना आणि वळताना चाक मागे-पुढे कमी सरकतं, स्टिअरिंगचं उत्तर नेमकं होतं. बदल्यात रस्त्याचा आवाज आत येतो आणि दर वर्षी ग्रीस न केल्यास ते किणकिण करतात. टॉर्शन बीमच्या बुशला हात लावू नका. ते रबर वेगवेगळ्या दिशांनी वेगवेगळं दबेल असंच बनवलेलं असतं, तिथे सगळीकडून सारखं कडक पॉली घातलं तर मागची चाकं विचित्र वागतात.

यानिमित्ताने एक गोष्ट, जी गॅरेजवाल्याला तोंडावर सांगावी लागते. रबरी बुशचा लोअर आर्म बसवताना त्याचा मुख्य बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना पूर्ण आवळायचा नसतो. गाडी चाकांवर उभी करून, किंवा आर्मला खालून आधार देऊन त्या उंचीला आणून, मग आवळायचा. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. नवे बुश टिकले नाहीत म्हणून कंपनीला शिव्या घालणाऱ्या कित्येकांच्या बाबतीत दोष पान्याचा असतो.

अलाइनमेंटमध्ये काय सांगायचं?

"करून द्या" एवढंच सांगू नका. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद मागा.

पुढे कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल, उणे म्हणजे वरची कड आत) उणे १ ते उणे दीड अंशाच्या आसपास असेल तर वळणात बाहेरचा टायर सपाट टेकतो आणि रोजच्या वापरात आतली कडही फार झिजत नाही. स्ट्रट नकलला (चाक ज्यावर बसतं तो भाग) दोन बोल्टांनी जोडलेला असेल तर त्यातल्या एका बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट घालून हे साधतं. ऑक्टाव्हियासारख्या गाडीत स्ट्रट नकलमध्ये घुसवून आवळलेला असतो, तिथे हा उपाय चालत नाही, वरची माउंट प्लेट बदलावी लागते. मागच्या बीमला आकडे बदलायची सोय नसते. फार बिघडलेलं असेल तर शिम (पातळ चकत्या) घालतात.

टो (वरून पाहताना चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) शून्य किंवा अगदी किंचित आतल्या बाजूला ठेवा. टो बाहेर ठेवला तर गाडी वळणात चटकन शिरते खरी, पण अटल सेतूवर शंभरने जाताना सतत भिरभिरते आणि टायरची आतली कड चार महिन्यांत तार दाखवते. डाव्या-उजव्या बाजूच्या आकड्यांत फरक नको, ते नेमक्या आकड्यापेक्षाही महत्त्वाचं. अलाइनमेंटला जाताना टाकीत निम्मं पेट्रोल ठेवा, डिकी रिकामी करा, टायरमध्ये हवा सारखी ठेवा.

सतरा इंची अलॉय घातले तर हँडलिंग सुधारेल?

स्टिअरिंगचं उत्तर थोडं चटकन होईल, कारण टायरची भिंत आखूड होते. १९५/५५ आर१६ ची भिंत साधारण १०७ मिलिमीटर, २०५/४५ आर१७ ची ९२. चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहते, म्हणून स्पीडोमीटर फसत नाही. पण रबरातून गेलेले ते पंधरा मिलिमीटर म्हणजे जुलैमध्ये जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पाण्याखालच्या खड्ड्यात रिम वाचवणारे पंधरा मिलिमीटर. स्वस्त, वजनदार अलॉय असेल तर शॉकअपला जास्त जड चाक आवरावं लागतं, म्हणजे ज्यासाठी खर्च केला तेच बिघडलं. सोळा इंचांतच हलका रिम आणि उत्तम टायर, हे मुंबईसाठी सोन्यासारखं जमलेलं माप आहे.

आईबाबा मागे बसतात. ते म्हणतात रिक्षात बसल्यासारखं वाटतं.

मग तुमच्या स्प्रिंगा शॉकअपपेक्षा कडक झाल्यात, किंवा मागे बंप स्टॉप लागतोय. मागच्या सीटवर दोन माणसं आणि डिकीत सामान आलं की मागची बाजू चांगलीच खाली बसते, आणि खाली नेलेल्या गाडीत दबायला उरतंच काय? मूळ उंचीच्या स्प्रिंगा परत घालून नुसते चांगले शॉकअप ठेवा. वळणावर फारसं काही गमावणार नाही आणि घरात शांतता राहील.

पावसाळ्यात काही बदलावं का?

आवर बदलता येणारे शॉकअप असतील तर दोन-तीन क्लिक मऊ करा. ओल्या रस्त्यावर पकड आधीच कमी असते, गाडी जरा सावकाश झुकली तर कुठे सुटतेय ते आधी कळतं. पाणी साचलेल्या रस्त्यातून गेलात तर नंतर बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडची रबरी टोपणं बघून घ्या. टोपण फाटलं की आत चिखल जातो आणि दिवाळीपर्यंत तो जॉइंट खडखडायला लागतो. अलाइनमेंट मात्र सप्टेंबर संपल्यावरच करा, पावसाळ्यात केलेली पुढच्याच खड्ड्यात जाते.

हे कायदेशीर आहे का? आणि इन्शुरन्स?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोर लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शॉकअप, बुश, त्याच मापाचे टायर हे झिजणारे भाग आहेत. तेवढ्याच मापात, मूळ उंचीला ते बदलणं देखभालीच्या अंगाने जातं. जमिनीला टेकलेली गाडी आणि फेंडरबाहेर आलेली चाकं हा वेगळा विषय, ती नाक्यावर दुरूनच दिसतात. मूळ उंची राखायला सांगतो त्यामागे हेही एक कारण आहे.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवता अपघात झाला तर दाव्याच्या वेळी सर्व्हेअरच्या नजरेतून लोअरिंग स्प्रिंगा सुटत नाहीत. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेंशनशी संबंधित तक्रारी सर्व्हिस सेंटर झटकू शकतं, हे धरून चला.

साधारण खर्च किती?

अलाइनमेंट हजार-दोन हजारांच्या आत. सोळा इंची चार चांगले टायर तीस-चाळीस हजारांच्या घरात. नावाजलेला आयात कॉइलओव्हर लाखाच्या पुढे. शॉकअप टायर आणि कॉइलओव्हर यांच्या मध्ये कुठेतरी, गाडीवर अवलंबून. माउंट, बंप स्टॉप आणि धूळ-टोपणं शॉकअपसोबतच नवी घाला. मजुरी एकदाच लागते.

पार्ट आणि मिस्त्री कुठे शोधू?

ऑपेरा हाऊसच्या बाजूला स्पेअर पार्टची जुनी दुकानं आहेत. कंपनीचे लिंक रॉड, बुश, माउंट तिथे मिळतात, फक्त खोकं आणि होलोग्राम नीट पाहा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांतून निघालेले पार्ट मिळतात. तिथला रिम फिरवून बघा, हवं तर घ्या. वापरलेला शॉकअप किंवा बॉल जॉइंट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

मिस्त्री निवडताना एकच गोष्ट बघा : स्ट्रटवरून स्प्रिंग उतरवताना तो नीट स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरतो का. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. दोरी, तार असला जुगाड दिसला तर तिथून गाडी काढा. टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळणारा पाना) वापरत असेल तर तो माणूस जपून ठेवा.

बसवल्यावर तपासायचं कुठे?

रात्री किनारी रस्त्यावर नाही. तिथे मर्यादा ८० आहे, बोगद्यात ६०, आणि तेवढ्या वेगात सस्पेंशनची हद्द कळतही नाही. तपासणी खरं तर मर्यादेच्या खूप आतच होते. बदलाच्या आधी एक ठरावीक फेरी मारा : फ्रीवेवरचे पुलाचे सांधे साठने, पेव्हर ब्लॉकचा एखादा पट्टा तीसने, एखादा गोल उतरता रॅम्प नेहमीच्या वेगाने. बदलानंतर तीच फेरी, तेवढ्याच माणसांसह. सांध्यावर गाडी एकदाच हलून थांबते की दोनदा डोलते, पेव्हरवर स्टिअरिंग हातात थरथरतं का, रॅम्पवर स्टिअरिंग किती फिरवावं लागतं, एवढं ऐकलं-पाहिलं की पुरे. हद्द बघायचीच असेल तर चेन्नईजवळचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट किंवा कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे यांसारख्या ट्रॅकवर जा, हेल्मेट घालून.

नंतर काय लक्ष द्यायचं?

नव्या स्प्रिंगा पहिल्या काही आठवड्यांत थोड्या बसतात, नवे बुशही जागा धरतात. म्हणून पाचशे-हजार किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासून घ्या आणि अलाइनमेंट परत करा. गॅरेजवाला "गरज नाही साहेब" म्हणेल. तरी करा, आणि यावेळचा कागद आधीच्या कागदाला जोडून ठेवा. पुढच्या वेळी गाडी ओढायला लागली की कुठला आकडा हलला ते लगेच कळेल.